पावसाच्या रकान्यातली माणसं

आमच्या प्रोग्राममध्ये बर्फासाठी एक रकाना होता. खोटं नाही सांगत. कर्जतच्या डोंगरउतारावर कुठल्या महिन्यात किती बर्फ पडतो, हे त्याला सांगितल्याशिवाय तो पुढे सरकतच नसे. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. मी तेव्हा मुंबईच्या एका संस्थेत वनस्पतिशास्त्राच्या विभागात संशोधन सहायक होते, आणि परदेशातून आमच्याकडे कॉम्प्युटरचा हा प्रोग्राम आला होता. एखाद्या जागेवरची झाडं, झुडपं, गवत यांची माहिती द्यायची, तिथला पाऊस, ऊन, माती यांचे आकडे द्यायचे, की पुढच्या शंभर वर्षांत तिथे कोण वाढेल आणि कोण मागे पडेल हे तो लांबच लांब कागदावर छापून द्यायचा. ज्याने तो लिहिला तो कुठल्या तरी थंड मुलखातला असणार. तेव्हा कॉम्प्युटरला आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवरून द्यावे लागत; मी प्रत्येक महिन्याच्या कार्डावर बर्फाच्या जागी शून्याचं भोक पाडलं आणि म्हटलं, घे बाबा, झालं तुझं समाधान?

समाधान कसलं! पहिल्याच खेपेला आमची फजिती झाली. त्या प्रोग्रामच्या मते झाडं वाढायची थांबतात ती फक्त थंडीने. आपल्याकडे थंडी ती काय, म्हणजे झाडं बारा महिने वाढणार. भर वैशाखात, जेव्हा आमच्या उतारावर पायाखाली पाचोळा वाजतो आणि पळसाखेरीज कुणाच्या अंगावर पान दिसत नाही, तेव्हा ह्याच्या कागदावर सगळी झाडं जोमात. दहाव्या वर्षी कर्जतचं असं घनदाट अरण्य झालं होतं की वाघसुद्धा चुकला असता. आमचे सर कागद बघून इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग माझी आणि 'त्याची' रवानगी झाली कर्जतला, खरे आकडे आणायला.

'तो' म्हणजे माझ्याच योजनेवर काम करणारा, पुण्याचा. त्याला कॉम्प्युटर कळायचा, मला तो डोंगर कळायचा. कळायला काय, माझं घरच दहिवलीचं, कर्जतच्या कडेला. वडील भिवपुरीच्या वीजघरात कामाला. आम्ही निवडलेला उतार त्याच अंगाला, एका ठाकरवाडीच्या वर होता. लहानपणी करवंदांसाठी मी तो इतक्या वेळा चढले होते की कुठला दगड हलतो तेही पायांना ठाऊक होतं.

त्याचं एक पालुपद होतं, 'तूर्त असं धरून चालू.' मातीची खोली किती? पुस्तकात अशा उतारांची सरासरी दिली आहे, तूर्त तीच धरून चालू. झाडाखाली ऊन किती? धरून चालू. असलं काही ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी म्हणायचे, "पुस्तकवाला आला होता का इथे? ऊठ, सळई घे." मग लोखंडी सळई आणि हातोडा घेऊन आम्ही उतारभर फिरायचो. सळई ठोकायची, खडक लागला की थांबायचं, बोटाने खूण धरून मोजायचं. कुठे कमरेइतकी माती, तर चार पावलांवर वीतभरही नाही. तो घामाने निथळायचा, कुरकुरायचा, पण ठोकायचा. एका फोटोग्राफरकडून प्रकाश मोजायचं यंत्र मागून आणलं होतं, ते तो झाडाखाली गुडघ्यावर बसून असं काही धरायचा की मला हसू आवरायचं नाही. पावसाचे आकडे वीजघरात होते. बाबांनी त्यांच्या साहेबांना विचारलं आणि आम्हाला ते उतरवून घ्यायला मिळाले.

मी पुन्हा पुन्हा त्याला एकच सांगायचे, जे मोजता येतं ते धरून चालायचं नाही. हे वाक्य माझं आहे. त्याने कुठेतरी लिहूनही ठेवलं असेल.

दुपारी जेवायला आम्ही दहिवलीला घरी यायचो. पहिल्या दिवशी तो आमच्या दारात आला, चपला काढल्या, आणि बसायच्या आधीच आईला म्हणाला, "पाणी द्याल का? घसा सुकलाय." आईने तांब्या-भांडं दिलं. तो भांड्याला तोंड लावून पाणी प्यायला आणि त्याने आणखी मागितलं. बाबा त्या दिवशी दुसऱ्या पाळीला जायचे होते, म्हणून घरात होते. ते खाटेवर बसून त्याच्या हातातल्या भांड्याकडे बघत राहिले. छप्पन साली आमच्या घरातले जुने देव बाबांनी स्वतःच्या हाताने उचलून नेले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली, तेव्हा मी अगदीच लहान होते. पण त्या आधीच्या गोष्टी मला त्यांनी सांगितल्या होत्या. गावच्या विहिरीवर ते स्वतः कधी गेले नव्हते, कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. म्हणून त्या भांड्याकडे त्यांचं बघणं मला कळलं. निदान तेव्हा तरी वाटलं, कळलं.

आई त्याला सुरुवातीला 'तुमी' म्हणायची. "तुमी सुकट खाता का हो? नायतर डाळ हाय." त्याच्या घरी अंडंसुद्धा उंबरठ्याच्या आत यायचं नाही, आजीचं सोवळं होतं. पण ह्याने आमच्याकडे तांदळाची भाकरी आणि सुकट अशी चापायला सुरुवात केली की आई खूश. होळीच्या सुमाराला ती त्याला "बस रं, आणखी अर्धी घे" म्हणायला लागली होती. मी तिला नंतर म्हटलं, अगं, ते सर आहेत आमच्या संस्थेतले, त्यांना काय 'रं' म्हणतेस? आई म्हणाली, "मग काय म्हनू?" आणि चुलीकडे वळली.

त्याच दिवसांत बाबांनी वेताच्या चार खुर्च्या आणल्या. कर्जतच्या बाजारातून टेंपोत घालून आणल्या, दोरीने बांधून. घरात एक खाट, एक पत्र्याची पेटी, आणि ह्या चार नव्या कोऱ्या खुर्च्या भिंतीला टेकवून एका ओळीत. मी भडकले. माझी पानंफुलं वाळवायला पसरलेले कागद मला अंगणात न्यावे लागले. म्हटलं, बाबा, आपण तीन माणसं, चार खुर्च्यांवर बसणार कोण? बाबा म्हणाले, "असू दे. येतं-जातं माणूस." स्वतः मात्र खाटेवरच बसले. मला वाटलं, नवी वस्तू आहे, जपताहेत.

आता कवळ तोडण्याचं सांगते, कारण भांडण त्यावरून झालं.

आमच्याकडे भाताची रोपं करायची जागा आधी भाजून घेतात. त्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्या रचायच्या, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. त्याला राब म्हणतात. रोपांचं तण जातं, राखेचं खत होतं. त्यासाठी दर उन्हाळ्यात ऐन, किंजळ असल्या झाडांच्या फांद्या छाटायच्या, ती कवळ. आमच्या उतारावरचं प्रत्येक ऐन त्यामुळे ठेंगणं, खांद्यापाशी गाठी आलेलं, वर चार नवे फुटवे. वाडीतली एक मावशी होती, माझ्या आईच्या ओळखीची. तिचा नवरा वर चढून कोयत्याने कवळ तोडायचा आणि ती खाली मोळ्या बांधायची. आम्ही मोजलेल्या फांद्या आमच्या डोळ्यांदेखत खाली येत होत्या. पुण्याचे महाशय हवालदिल!

"मावशी, झाड मरेल ना हो असं," तो म्हणाला.

"मरत नाय रं. पुढल्या साली परत फुटतं," मावशी म्हणाली आणि मोळी डोक्यावर घेऊन चालू लागली.

त्या प्रोग्राममध्ये झाड मुळापासून तोडायची सोय होती, वणव्याची सोय होती, पण दरवर्षी छाटलं जातं आणि दरवर्षी फुटतं अशा झाडाची सोयच नव्हती. तो म्हणाला, "कवळतोड शून्य धरून चालू. आपल्याला बघायचंय की जंगल आपल्या मनाने कसं वाढेल."

"आपल्या मनाने?" माझा आवाज चढला. "पाऊस शून्य करून बघतोस का? मग कवळ का शून्य? तीही दरवर्षी येते."

"पाऊस माणूस पाडत नाही."

"ह्या झाडाला काय त्याचं? त्याला वरून पाऊस येतो, खालून कोयता येतो. दोन्ही ठरलेले. माझ्या आजीच्या आजीपासून येताहेत. तुझा बर्फाचा रकाना रिकामा आहेच, तिथे घाल माणसांना. नाहीतर पावसाच्या रकान्यात घाल!"

तो ऐनाच्या बुंध्याला पाठ टेकून बसला आणि गवताची काडी चावत राहिला. आणि पुढचे कित्येक दिवस मुंबईत डोकं खपवून त्याने प्रोग्रामच्या पोटात नव्या ओळी लिहिल्या. दर उन्हाळ्यात ऐनाची, किंजळाची इतकी पानं कमी करायची, पुढच्या पावसात इतकी परत द्यायची. हे सगळं सरांनी सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी केलं होतं. कार्डांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, "घे. घातली तुझी माणसं पावसाच्या रकान्यात." त्याच्या डोळ्यांत जे होतं ते बघून मी गठ्ठ्याचं रबर काढून पुन्हा लावलं. बाई, काय अवस्था झाली होती माझी! अजून आठवलं की कानशिलं गरम होतात.

आम्ही दोन्ही करून पाहिलं, कवळ घालून आणि कवळ काढून. कवळ घातलेला कागद हुबेहूब आमचा डोंगर होता. ठेंगणी झाडं, मध्ये गवत, शंभर वर्षांनीही तसाच. कवळ काढलेल्या कागदावर झाडं उंच गेली, सावली दाटली, गवत संपलं. सर म्हणाले, पहिला कागद खरा, दुसरा नुसती कल्पना. मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे बघितलं. तो हसला आणि हात जोडले.

मे महिन्यात त्याला नोकरी लागली. लांब उत्तरेत, हिमालयाच्या पायथ्याशी. शेवटची मोजणी करायला म्हणून आम्ही उतारावर गेलो होतो. ऊन उतरलं होतं, खाली शेतांतून भाजलेल्या राबांचे काळे चौकोन दिसत होते. त्याने ती बातमी सांगितली आणि मी म्हटलं, "छान. तुझ्या बर्फाच्या रकान्याला तिथे काम मिळेल." तो हसला नाही.

मग तो म्हणाला, "तू येशील का, असं विचारायचं होतं. पण मी सगळं करून बघितलं मनात. आमच्याकडे आजी आहे. आई तिच्या शब्दाबाहेर नाही. ते नाहीच म्हणणार. आणि तुझे बाबा? ज्यांनी त्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही, तसल्यांच्या घरात मुलगी देतील?"

मी म्हटलं, "नाही देणार."

मी इतक्या खात्रीने म्हटलं! बाबांचं एक वाक्य लहानपणापासून माझ्या कानात होतं, "आता कुणाच्या दारात वाकायचं नाय." ते मला देव उचलून नेल्याच्या दिवसाइतकं पक्कं वाटायचं. माझ्यासाठी पुण्याच्या त्या सोवळ्याच्या घरात, त्यांच्या दारात, माझे बाबा टोपी हातात घेऊन उभे आहेत हे चित्रच मला सहन होत नव्हतं. त्यांच्यावर ती वेळ आणायची नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय," मी म्हणाले.

एवढंच झालं. भांडण नाही, रडणं नाही. सळई आणि हातोडा गोणपाटात गुंडाळून आम्ही खाली उतरलो, आणि तो जेवायला न थांबता पुण्याच्या गाडीने गेला. पुढच्या रविवारी बाबांनी विचारलं, "सर आले नायत?" मी म्हटलं, त्यांना नोकरी लागली, लांब गेले. बाबा जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "बरं झालं त्यांचं," म्हणाले आणि पाय धुवायला मोरीत गेले.

मी लग्न केलं नाही. त्याच्यासाठी थांबले असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. जमलं नाही, आणि पुढे कुणी तितकं ऐकून घेणारं भेटलं नाही, एवढंच. त्याचं लग्न झाल्याचं मला एका परिषदेत चहा पिताना कळलं आणि मी बिस्किट बुडवून खाल्लं. मुंबई सोडून मी खोपोलीकडच्या एका कॉलेजात शिकवायला लागले, घरून जाऊन-येऊन. बाबा निवृत्त झाले. दर रविवारी ते त्या खुर्च्या ओल्या फडक्याने पुसायचे, पुन्हा भिंतीला लावायचे, आणि खाटेवर जाऊन बसायचे. काही वर्षांनी छातीच्या दुखण्यात गेले. मग खुर्च्यांवर माझे पानंफुलं वाळवायचे कागद आले, ते तिथेच राहिले.

दरम्यान मी रोज एसटीतून बघत होते, खालापूरच्या बाजूला, कुंभिवलीपाशी हमरस्त्याला एकामागून एक कारखाने उभे राहात होते. वाडीतली तरुण माणसं सकाळी टेंपोत उभी राहून तिकडे जायला लागली. गोणीतलं खत आलं. कोयता घेऊन झाडावर चढायला घरात माणूसच उरेना, आणि गरजही वाटेना. हे मला दिसत होतं, पण त्या उताराशी त्याचा काही संबंध आहे हे मनात आलं नाही. त्या उतारावर मी जातच नव्हते.

मग वीसेक वर्षांनी मावशीच्या नातीचं लग्न निघालं. आईला जायचं होतं, तिचे गुडघे धरलेले, म्हणून मी तिला हाताला धरून घेऊन गेले. वाडीची वाट आमच्या उताराच्या पायथ्याने जाते. मी वर बघितलं आणि उभीच राहिले. ऐनं उंच गेली होती. गाठी खाली राहिल्या होत्या आणि त्यांच्या वर सरळ, हिरव्या फांद्या, एकमेकींना लागलेल्या. खाली गवत विरळ झालं होतं. दुसरा कागद! सरांनी ज्याला नुसती कल्पना म्हटलं होतं, तो माझ्यासमोर उभा होता. पावसाइतकीच ठरलेली म्हणून मी जी कवळ भांडून घालायला लावली, ती दहा वर्षंही टिकली नव्हती.

आईही दम घ्यायला थांबली. "केवढी झाली गं झाडं," ती म्हणाली. "वळखू येत नायत." मग झाडांकडेच बघत म्हणाली, "एक विचारू? रागावू नको. त्यानं नाय म्हटलं, का तू?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी काढलं नव्हतं. मी म्हटलं, "कुणीच नाही म्हटलं नाही, आई. त्याच्या घरचं मला ठाऊक नाही. पण तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून मी विषयच काढला नाही."

"आमी? आमी कशाला नाय म्हनू?"

"बाबाच म्हणायचे ना, कुणाच्या दारात वाकायचं नाही."

"अगं, मुलीला मागायला ते आपल्या दारात येनार ना? त्यात आपलं वाकनं कुठं आलं?" आई खरोखरच बुचकळ्यात पडली होती. "त्यानं पयल्या दिवशी पानी मागून घेतलं, त्या राती तुझे बाबा मला म्हनाले, पोरगा बरा हाय. मग त्या खुर्च्या आनल्या. मी म्हटलं, कशाला, खाट हाय की. तर माझ्यावरच डाफरले. म्हनाले, व्याही काय खाटेवर बसतील?"

मी आईचा हात धरून वाडीत गेले, नवरीला हळद लावली, जेवले, मावशीशी बोलले. माणूस असं सगळं करू शकतो.

घरी आल्यावर मी खुर्च्यांवरचे कागद उचलून खाटेवर ठेवले. वेत जरा काळवंडला होता, पण कुठेच खचला नव्हता. चारही खुर्च्या बाजारातून आल्या तशाच ताठ होत्या. आई मागून म्हणाली, "दमलीस गं. बस की त्यातल्या एकीवर."

मला बसवेना.